नऊ मिलिमीटर

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात दीपंकरची नजर सहज पायाशी गेली आणि त्याला दिसलं, आपल्या गिटारची पिन सतरंजीवर पडली आहे.

पिन म्हणजे वायरचं टोक. ते गिटारच्या बुडाशी खोचलेलं असतं आणि वायरचा दुसरा शेंडा स्टेजच्या कडेला बसलेल्या साउंडवाल्याच्या मशीनला जातो. तिथून आवाज मोठ्या पेट्यांत, म्हणजे स्पीकरांत जातो. पिन निघाली की गिटार मुकी, आणि बास गिटार तर ठार मुकी. तिच्या चार जाड तारा नुसत्या बोटाने छेडल्या तर शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाहीत. आणि इकडे मांडवात तर बास वाजत होता. धुम, धुम, ढोलकीच्या अंगाअंगाने, एक ठोकासुद्धा न चुकता.

दीपंकरने हात थांबवला. बास थांबला नाही.

त्याने हळूच डावीकडे पाहिलं. तिथे कीबोर्डवर यल्लाप्पा बसला होता. त्याचा उजवा हात गाण्याचे सूर वाजवत होता आणि डावा हात खालच्या पट्ट्यांवर दीपंकरचंच काम करत होता, दीपंकरने रात्र रात्र घोकलेलं, जसंच्या तसं. चालू मशीनमधून पिन निघाली की पेट्यांतून धप्पकन आवाज येतो, लोक दचकतात. तोही आला नव्हता. म्हणजे मशीनवर त्याच्या नावाची खुंटी बंदच होती.

आता माणूस काय करील? वाद्य खाली ठेवून उठेल, नाहीतर वाकून पिन उचलून खोचेल. दीपंकरने यातलं काही केलं नाही, कारण समोर बायकांच्या पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. सदलगा हे त्याचं गाव. विहाराचा वर्धापनदिन होता, मांडव भर दुपारी गच्च भरला होता, आणि तानीबाई नवं पांढरं लुगडं नेसून लेकाच्या बोटांकडे टक लावून बघत होती. त्याने त्या पिनेवर आपला डावा पाय ठेवला. आणि मुक्या तारांवर बोटं नाचवत तो पुढची चार गाणी उभा राहिला.

*

दीपंकर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पॅटर्नमेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हटलं की आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्यात लोखंडाचा रस सोडतात. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. वीस वर्षं हा माणूस पंपांची पोटं आणि व्हॉल्व्हची तोंडं लाकडात घडवत होता. पॅटर्न चुकला की ओतलेला माल परत येतो, सोबत चिठ्ठी येते, कुठे किती चुकलं त्याची. दुसरे कारागीर चिठ्ठी आली की शिव्या घालत. दीपंकर चष्मा पुसून ती दोनदा वाचायचा. चूक कळली की ती अर्धी सुधारलीच, असं त्याचं साधं गणित होतं.

भीमरत्न त्याचा निपाणीच्या हॉस्टेलपासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेले, एका कांबळ्यात झोपलेले. भीमरत्नला गळा होता, दीपंकरला नव्हता. एकदा गावात ऑर्केस्ट्रा आला तेव्हा गर्दीत दोघांना जागा मिळाली ती पेटीला चिकटून. भीमरत्न गायकाकडे बघत राहिला आणि दीपंकरच्या बरगड्यांत बास शिरला. पुढे भीमरत्न निपाणीत मास्तर झाला, त्याने भीमगीतांचं पथक काढलं. पथकाच्या पेट्या केल्या दीपंकरने. माइकचे स्टँड दीपंकरने केले, आणि पथक गावोगाव न्यायचं तेही दीपंकरच्या ओम्नीतून. भीमरत्न गाताना हा मांडवाच्या मागे गाडीला टेकून उभा असायचा. एकदा भीमरत्नच म्हणाला, की नुसती हमाली काय करायलास, बास शीक, आपल्याला बासवाला पाहिजेच आहे. त्या एका वाक्यावर चाळीस ओलांडलेला हा गडी पेटला.

दुकानातल्या गिटारच्या किमतीची चिठ्ठी बघून तो आल्या पावली माघारी फिरला होता. मग त्याने ठरवलं, जे जन्मभर केलं तेच करायचं, घडवायची. फौंड्रीत एका जुन्या पंपाचा सागवानी पॅटर्न मोडीत निघाला होता, त्याचं अंग झालं. मान शिसवीची. तारा पिळायच्या खुंट्या एका महिन्यात पोस्टाने आल्या, मानेवर बोट दाबायच्या जागी आडवी ठोकायची पडद्यांची तार दुसऱ्या महिन्यात, आणि तारेचा आवाज पकडणारा पिकअप दिवाळीच्या बोनसवर. ब्रिज, म्हणजे खाली ज्यावर तारा टेकतात ती धातूची पट्टी, विकत परवडेना. ती त्याने स्वतःच पॅटर्न करून ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतली, एकसंध, दणकट, हलायचं नाव नको. नव्या तारांचा संच महाग म्हणून जुन्याच तारा सोडून तो पातेल्यात उकळायचा. उकळल्या की त्यांचा मळ जातो आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. बायको रचना दवाखान्यात नर्स, ती ड्युटीवरून येऊन बघते तर डाळीच्या पातेल्यात तारा. ती चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी तिने एक वेगळं पातेलंच आणून दिलं.

दोन वर्षं लागली. पहिल्या तालमीला सगळ्यांनी गिटार हातात घेऊन बघितली. यल्लाप्पा तर त्या सागवानावर हात फिरवत राहिला. वाजवून झाल्यावर दीपंकर भीमरत्नला बाजूला घेऊन म्हणाला होता, खाली बरं वाटतं, पण वरच्या पडद्यांवर कायतरी टोचायलंय. भीमरत्नने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत म्हणाला, "तुझ्या कानात फौंड्री बसल्या रं. एकदम करेक्ट वाजायलंय."

सहा महिने झाले त्याला. अकरा कार्यक्रम झाले, सदलग्याचा बारावा.

*

कार्यक्रम संपला, लोक जेवायला पांगले. यल्लाप्पा वायरी गुंडाळत होता. दीपंकर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बास कोण वाजवत होतं एवढंच त्याने विचारलं. यल्लाप्पाने वर बघितलंच नाही.

"अण्णा, मला इचारू नका री," तो म्हणाला. "मी पयल्याच दिवशी सांगितलंतं, त्यांना सांगा म्हणून. भीमूदादांना इचारा."

भीमरत्न ओम्नीपाशी सत्काराची शाल घडी करत उभा होता. दीपंकरचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं. आधी चहा घेऊ म्हणाला.

"कवापासनं?" दीपंकरने विचारलं.

"दीपा, माणसं बघायल्यात."

"कवापासनं, भीमू?"

भीमरत्नने शालीची एक घडी मोडून पुन्हा घातली. "पयल्यापासनं," तो म्हणाला. मग एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेना. वर गेलास की सूर चढायलाय, कीबोर्डला लागतच न्हाई, ऐकणाऱ्याला टोचतं, मग एका कार्यक्रमापुरता आवाज बंद ठेवू म्हटलं, मग दुसऱ्यापुरता. तुझ्या वाईटावर होतो का मी, असंही त्याने विचारलं.

"मी तुला इचारलंतं," दीपंकर म्हणाला. "टोचायलंय म्हणून मीच सांगितलंतं. तू म्हणलास, कानात फौंड्री बसल्या."

"दोन वर्सं खपलास रं त्याच्यावर. तोंडावर कसं सांगू? तुझं मन मोडलं असतं."

"मन माझं हुतं, भीमू."

दीपंकरला अजून एक विचारायचं होतं, ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. शेवटी त्याने विचारलं, मला बासवरनं काढलं तर मी गाडी घेऊन यायचा बंद हुईन, याचाबी इचार तुम्ही केला हुता का? भीमरत्नने शाल खांद्यावर टाकली आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं मांडवाकडे बघितलं. कुणी हाक मारली नव्हती.

परतीला आधी आईला घरी सोडायचं होतं. तानीबाई पुढच्या सीटवर बसली. घर येईपर्यंत ती बोलत होती, कोण कोण आलतं, कोण काय म्हणालं. उतरताना तिने दाराला धरून वळून बघितलं.

"बाकीच्यांचं मला कळत न्हाई बाबा," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "पर तुझं हितं वाजत हुतं. लई ब्येस वाजीवलास."

"व्हय," दीपंकर म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होता? सत्तरीच्या म्हातारीला दारात उभं करून खुंटी आणि पिन समजावत बसणार होता का? पण सदलग्यापासून निपाणीपर्यंत आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत तो 'व्हय' त्याच्या कानांत वाजत राहिला. मागे पथकातली माणसं बसली होती. एरवी गाडीत नुसता दंगा असायचा. त्या दिवशी संकेश्वरला कुणीतरी खिडकी लावू का म्हणून विचारलं, तेवढंच.

*

खासबागेतल्या घरी रचना भाजी निवडत बसली होती. त्याने गिटार भिंतीला टेकवली, पाणी प्यायला आणि सगळं सांगितलं. तो सांगत होता आणि रचना भाजीतून मान वर काढत नव्हती. अर्ध्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हिला धक्का बसलेला नाही.

"तुला ठाऊक हुतं," तो म्हणाला.

रचनाने निवडलेली मेथी एकीकडे सारली. भीमूभाऊंच्या घरातनं चार महिन्यांपूर्वी कळलं, असं तिने सरळ सांगून टाकलं. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. चार महिने ती त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून देत होती, कार्यक्रम कसा झाला म्हणून विचारत होती, त्याचं सगळं ऐकून घेत होती.

"पेशंटला रिपोर्ट सांगतेस न्हवं तू?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना न्हाई सांगत," ती म्हणाली. "तुम्ही कार्यक्रमाहून आलासा की झोपेत बोटं हलवत होता. मी ती बोटं बघत बसायची. मला न्हाई सांगवलं."

दीपंकरला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला, भीमरत्नचा आला नव्हता इतका. जिवाला जीव देणाऱ्या दोन माणसांनी मिळून त्याला वेड्यासारखं नाचवलं होतं, आणि दोघंही म्हणत होती की हे तुझ्यासाठीच केलं. शत्रू असता तर भांडता तरी आलं असतं. तो न जेवताच उठला आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. बारा मांडवांतली माणसं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिली, आणि त्यांतल्या कुणाकुणाला ठाऊक होतं हे तो मोजत राहिला.

*

सोमवारी सकाळी तो गिटार घेऊनच कामावर गेला. फौंड्रीत पाच मिनिटं आधी पोचून त्याने ती आपल्या बाकड्यावर आडवी ठेवली, आजारी गुरासारखी. सूर चढतो म्हणतात ना, मग कुठेतरी माप चुकलंय. मापाची चूक ही त्याच्या धंद्यातली गोष्ट होती. गाण्यातलं त्याला कळत नसेल, पण माप त्याचं कुणी काढावं?

हिशेब सोपा होता. तारेची लांबी चौतीस इंच. मानेवरचा बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, सतरा इंचावर यायला हवा. त्याने बाकड्यावरची पोलादी पट्टी लावली. बरोबर सतरा. केसाचाही फरक नाही. त्याने पट्टी खाली ठेवली आणि ठेवता ठेवता त्याचा हात जागीच थांबला.

लोखंडाचा रस थंड होताना आटतो. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंचाने मोठा. दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी. वीस वर्षं त्याच्या हातात हीच पट्टी होती, आणि चुकून मापं मिसळायला नकोत म्हणून साधी पट्टी तो बाकड्यावर ठेवतच नसे. मानेवरचे वीस पडदे त्याने इथे बसून जेवणाच्या सुट्टीत आखले होते. ब्रिज मात्र घरी, शेडमध्ये, बाजारातल्या साध्या टेपने बसवला होता.

त्याने शेजारच्या फिटरकडून साधी टेप आणली. बारावा पडदा सतरा इंचाच्या पुढे साडेचार मिलिमीटर निघाला. पूर्ण तारेला नऊ. त्याने लाकडाच्या गिटारला लोखंडाची आटण दिली होती, आणि लाकूड काही आटलं नव्हतं.

दीपंकर बाकड्यावर बसला आणि स्वतःशीच हसला. एवढंच होतं. ब्रिज नऊ मिलिमीटर मागे सरकवायचा, करंगळीच्या नखाएवढा. चार स्क्रू काढायचे, चार नवी भोकं पाडायची. एक तासाचं काम. मग त्याचं हसू थांबलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांपूर्वी एकाने, नुसत्या एकाने, सूर चढायलाय एवढं सांगितलं असतं तरी त्याच आठवड्यात तो इथपर्यंत आला असता. लोखंडाच्या मालाची चिठ्ठी येते. त्याच्या मालाची चिठ्ठी कुणी धाडली नव्हती.

संध्याकाळी घरी त्याने ब्रिज सरकवला. मोबाइलवरच्या सुराच्या काट्यापुढे बारावा पडदा दाबून तार छेडली. काटा मधोमध येऊन उभा राहिला. पहिल्या पडद्यापासून विसाव्यापर्यंत, चारी तारांवर, कुठे टोचणं नाही. ब्रिजपुढे जुनी चार भोकं उघडी पडली होती. त्याच सागवानाचे बारीक तुकडे ठोकून पॉलिश मारलं असतं तर ती कुणाला सापडली नसती. रचनाने दारात येऊन विचारलंही, ती बुजवणार न्हवं? तो म्हणाला, राहू देत.

*

रविवारी दुपारी भीमरत्न आला. चारला हिंडलग्यात कार्यक्रम होता. पथकाच्या पेट्या दीपंकरच्या शेडमध्ये होत्या आणि न्यायला गाडी दीपंकरची. सोबत यल्लाप्पा होता, तो बाहेरच थांबला. भीमरत्नने निपाणीहून फरसाण आणलं होतं. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि झालं गेलं विसरून जाऊ म्हणाला. साउंडवाल्याला सांगितलंय, आज तुझा आवाज उघडा ठेवायचा, पूर्ण. हे सांगताना त्याचा स्वर खरोखरच मऊ झाला होता.

दीपंकरने ऐकून घेतलं. मग गिटार मांडीवर घेतली, पिन खोचली, घरातली छोटी पेटी चालू केली आणि म्हणाला, मी दुरुस्त केल्या, ऐकून सांग.

खरी गोष्ट अशी, की भीमरत्नची चाहूल लागली तेव्हाच दीपंकरने एक खुंटी अर्धा फेरा ढिली केली होती. एका तारेचा पाचवा पडदा दाबला की तिचा आणि शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर एकच यायला हवा, तशा त्या दोन तारा त्याने एकदम छेडल्या. पेटीतून घूं घूं करत बेसूर आवाज निघाला, बाटलीत माशी अडकावी तसा. कधी गाणं न शिकलेल्या माणसालाही तो सोसला नसता. भीमरत्न वीस वर्षं गात होता. त्याच्या कपाळावर बारीक आठी उठली, एक क्षणभरच, आणि दीपंकरने ती स्वच्छ बघितली.

मग ती आठी मावळली. भीमरत्न पुढे झुकला आणि त्याने दीपंकरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एकदम करेक्ट," तो म्हणाला. "लई भारी वाजायलंय आता."

दीपंकरने पेटी बंद केली. हात लांब करून खिळ्यावरची ओम्नीची किल्ली काढली आणि भीमरत्नच्या हातावर ठेवली. आज गाडी यल्लाप्पा चालवील, त्याला येते. पेट्या आता तिकडंच ठेवा, हितं परत आणायच्या न्हाईत. भीमरत्नने दोनदा त्याच्या तोंडाकडे आणि एकदा गिटारकडे बघितलं. तू येणार न्हाईस का, हे त्याने विचारलं नाही.

जड पेटी उचलायला दीपंकर स्वतः पुढे झाला, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला भीमरत्न, नेहमीसारखं. कोपरे घासू नयेत म्हणून पेटीखाली पोतं घातलं. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा तो आत आला. त्याने गिटार उचलली, ढिली केलेली खुंटी अर्धा फेरा पिळली आणि त्या दोन तारा पुन्हा एकदम छेडल्या. सूर एकच आला. स्वयंपाकघरात चालू असलेला नळ रचनाने बंद केला. तो सूर विरेपर्यंत दीपंकरने पडद्यावर दाबलेलं बोट उचललं नाही.